गाठ ज्याची, पाप त्याचं

माझ्या थोरल्या भावाचा आवाज असा होता, की कळव्याच्या मिठागरावर उभं राहून त्यानं जांभई दिली तर खाडीपलीकडे ठाण्यातले शिपाई बंदुका सावरत. आगगाडी नवीनवी सुरू झाली तेव्हा इंजिनानं शिट्टी घालायची विद्या दादाकडूनच उचलली, हे मी कोणत्याही देवळात सांगायला तयार आहे. दिवसभर बोलायचा. बगळ्यांशी, मिठाच्या राशींशी, आणि सगळ्यांत जास्त आईशी.

आमची तांबडी गाय त्या दिवशी बाहेरच्या बांधावर खुंट्याला बांधली होती, कारण तिथं गवत बरं होतं. मीठ पिकवणाऱ्या घरानं अमावास्येचं उधाण विसरावं म्हणजे भटानं एकादशी विसरण्यातली गत. पण विसरलं खरं. पाणी बांधावरून आलं, काथ्याचं दावं भिजून फुगलं, गाठ सुटेना, आणि गाय खुंट्यालाच बुडाली.

दाव्यात मेलेली गाय म्हणजे गोहत्या. पंच बसले. ठाण्याहून भटजी होडीनं आले. गाठ कुणी मारली, एवढंच त्यांनी विचारलं. घरात आई ओल्या लुगड्यानं कुडकुडत पडली होती, नखं फुटून बोटं रक्ताळलेली. गाठ तिनंच मारली होती, आणि सोडवायला छातीभर पाण्यातही तीच गेली होती. हे दादाला ठाऊक आणि मला ठाऊक.

"मी मारली," दादा म्हणाला.

महिनाभर तेच दावं गळ्यात घालून दारोदार भीक मागायची, असं प्रायश्चित्त ठरलं. माणसाची वाणी बंद. दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं. एक शब्द तोंडातून निसटला की सगळं पाण्यात.

पहिल्या दिवशी तो हंबरला तेव्हा मुंब्र्यापर्यंतच्या गाई खुंटे उपटून आमच्या अंगणात आल्या, मलाच त्या घरोघर पोचवाव्या लागल्या. कल्याणच्या बाजारात पोरांनी त्याच्यापुढं गवत टाकलं. डोंबिवलीत एका म्हातारीनं भाकरीऐवजी पेंड दिली, ती त्यानं निमूट खाल्ली. मी झोळी धरून मागून चालायचो आणि लोक त्याला हसू नयेत म्हणून थापा मारून त्यांना माझ्याकडं वळवायचो. बरेचसे वळायचेही.

आईचा ताप मात्र उतरला नाही. महिना सरत आला होता आणि निरोप आला तसे आम्ही धावत घरी पोचलो. ओटीवर माणसं जमली होती. आत आईनं दादाला जवळ ओढलं आणि आम्हा दोघांनाच ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "बोल रं पोरा. दावं मी बांधलेलं, मला म्हायती नाय का? यकदा आय म्हन, मंग जाते."

दादानं तोंड उघडलं. बोलला असता तर प्रायश्चित्त मोडलं असतं आणि तिच्या डोक्यावर गाय ठेवूनच तिला पाठवावं लागलं असतं. त्यानं तोंड मिटलं, तिच्या कानाशी वाकला आणि हलकेच हंबरला. आईनं त्याच्या गळ्याशी, दाव्याच्या आत बोटं घालून खाजवलं, जनावराला खाजवतात तसं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

महिना भरल्यावर दावं उतरलं. जातीला जेवण घालून झालं तेव्हा दादानं भटजींना बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, आय सुटली ना?

भटजी म्हणाले, "जिवंत माणसाचं पाप दुसऱ्याला उचलता येत नाही रे. तू फेडलंस ते पंचांपुढं खोटं बोलल्याचं."

आम्ही मिठागरातली माणसं. एकाच्या डोक्यावरची टोपली दुसऱ्यानं घेतली की पहिल्याची मान मोकळी होते, एवढंच आम्हाला कळायचं. मी वादाला उभा राहिलो. म्हटलं, ठाण्याच्या बाजारातला पाद्री तर सांगतो की एकानं सगळ्या जगाचं उचललं. भटजी म्हणाले, "उचललं असेल. पण 'गाठ मी मारली' असं खोटं सांगून नाही."

दादाला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "मंग तिचं?"

मेलेल्या आईचं मुलाला फेडता येतं, भटजी म्हणाले. पण तिच्या नावानं. पंचांपुढं तिचं नाव घेऊन.

वाटेत मी दादाला म्हटलं, सोड. वर काय होतं ते कुणी पाहिलंय? इथं तिचं नाव स्वच्छ आहे, ते राहू दे.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंच बोलावले आणि सगळ्या गावादेखत सांगितलं, "गाय आयच्या हातनं मेली." मी उठून ओरडलो, की ती छातीभर पाण्यात उभी होती, नखं फुटेस्तोवर गाठ ओढत होती. त्यात एक अक्षर वाढवलेलं नव्हतं. तरी मागं कुणीतरी हसलं.

दादानं दावं पुन्हा गळ्यात घातलं. सुरुवात आमच्याच आळीतून केली. पहिलं दार शेजारच्या काकूंचं, ज्या आईच्या मढ्यावर पडून सगळ्यांत जास्त रडल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि दार लावून घेतलं. दादा तिथंच उभा राहून हंबरत राहिला.