नळाच्या आट्यांतले सूत

"स्वयंपाकघरातला नळ मीच बसवला, माझंच जुनं जानवं गुंडाळून," असे माझा धाकटा भाऊ वसंता गेली चाळीस वर्षे सांगत आला आहे. आज मुलाने तो पितळी नळ काढला, तेव्हा आट्यांतून काळपट सूत उलगडले. त्याच्या दमट, गंजट वासासरशी डोंबिवलीच्या याच घरातली, स्वातंत्र्यानंतर पाचसहा वर्षांनी आलेली श्रावणी माझ्यापुढे उभी राहिली.

जुना नळ फुटला होता. प्लंबर कल्याणहून दोन दिवसांनी येणार होता आणि पाणी तर चारला सुटणार होते. नवा नळ मी आणला, पाना शेजाऱ्यांकडून मागितला. आट्यांवर गुंडाळायला सूत तेवढे नव्हते. सकाळीच बदललेले जुने जानवे मी उचलले.

"अरे मेल्या, ते पाण्यात सोडायचं असतं!" आई ओरडली.

"मग पाण्यातच सोडतोय की!"

तिला हसू आवरेना. चारला पाणी आले. जोडातून थेंबही गळला नाही. तेव्हा मला त्या जोडाचा अभिमान होता, आज आईच्या हसण्याचा अधिक आहे. ते हसूही वसंताला स्वतःच्या नावावर हवे आहे.

वसंताची मुंज पुढल्या वैशाखात झाली.