पंखांच्या आधी दार

भूकंपात औशातल्या आमच्या घराच्या भिंती टिकल्या, पण चौकट पिळली आणि दार उघडेना. शेजाऱ्यांनी बाहेरून पहारीनं ते फोडलं तेव्हा आम्ही सुटलो. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी आतून कडी लावत नाही.

पुढे लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवता शिकवता मी पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटं विमान बांधायला घेतलं. पंखांच्या आधी कॉकपिटचं झाकण केलं. सांगाडा पिळला तरी खिट्टी ओढताच अख्खं निघणारं, आतून आणि बाहेरूनसुद्धा.

क्लासमधले बाकीचे सर हसले. "उडायच्या आधीच पडायची तयारी?"

"हाव," मी म्हणालो. "हसा खुशाल. पडायची भीती न्हाई मला. पण बंद दाराआड बसून कुणाच्या पहारीची वाट आता बघणार न्हाई."