रुमाल वर, आवाज खाली

आक्काच्या हाकेला कधी माइक लागला नाही. मागच्या खिडकीत उभी राहून ती "बारक्याऽऽ" म्हणायची, तेव्हा मधली मोकळी जागा, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या असं सगळं ओलांडून ती हाक समोरच्या माडीवर पोचायची, आणि तिथं न थांबता आणखी पुढं जाऊन कुणाचं तरी नुकतं निजवलेलं लेकरू उठवायची. लेकराची आई कुरकुरली की आक्काचं उत्तर ठरलेलं असे. "माझा भाऊ दिवसभर कर्ण्याला कान लावून बसतो गं. त्याला हळू बोललेलं पोचत नाही."

हे धादांत खोटं होतं. बारक्याचे कान साऱ्या वस्तीत तिखट. तो स्पीकरवाला. केस पिकले तरी बहिणीसाठी बारक्या, बाकी सगळ्यांसाठी स्पीकरवाला. खाली दुकान, वर राहणं. दुकानात छताला कर्णे उलटे टांगलेले, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी, आणि कथील वितळल्याचा वास इतका मुरलेला की गिऱ्हाईक शिंकतच आत यायचं. कुणीही बिघडलेलं मशीन आणलं की हा आधी झाकण न उघडताच त्याला कान लावायचा, डॉक्टर छातीला लावतो तसा. साऱ्या वस्तीला मोठ्यानं बोलायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र तोंडातल्या तोंडात बोलायचा. चहावाला म्हणायचा, "याला चहा पाहिजे असला तरी आधी याच्या हातात माइक द्या, नाहीतर कळायचंच नाही."

आई गेली तेव्हा हा रांगत होता. आक्कानंच त्याला वाढवलं, भरवलं, बदडलं. लग्न होऊन ती मागच्याच घरात गेली, नवरा वारला तरी तिथंच राहिली. तिला मूलबाळ नाही, ह्यानं लग्न केलं नाही. दिवस कलला की चूल विझवायची, ताटं मांडायची आणि खिडकीत येऊन हाक मारायची, हे तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. खरं तर भूक लागली की तो आपणहून जाऊ शकला असता. पण हाक आल्याशिवाय त्यानं कधी जिन्यावरून पाय खाली टाकला नाही. तेवढं त्याला लागायचं.

प्रार्थनेच्या हॉलचा आवाज त्याच्याकडे होता. रोज संध्याकाळी धर्मगुरूंचं बोलणं व्हायचं. गच्चीवरचे कर्णे चारी दिशांना तोंड करून उभे, त्यामुळे हॉलमध्ये न येणाऱ्यालाही ते ऐकावंच लागायचं. गुरूंचा आवाज म्हणजे लोण्यात बुडवलेला. "एवढं वय झालं, पण कधी खाकरत नाहीत की अडखळत नाहीत," असं बायका कौतुकानं म्हणायच्या. आक्का तर सगळ्यांत पुढं.

आता त्यातली गोम अशी की गुरूंचा घसा जन्माचा नाजूक. दोन-चार वाक्यांमागं एक ढास यायचीच. सुरुवातीलाच दोघांचं ठरलं होतं. गुरूंनी रुमाल तोंडाकडे नेला की स्पीकरवाल्यानं आवाज खाली घ्यायचा, रुमाल खाली आला की वर. इतकी सवय झाली होती की रुमाल खिशातून निघायच्या आत ह्याचा अंगठा फिरलेला असायचा. बाहेर ऐकणाऱ्याला वाटायचं, गुरू विचार करायला थांबले. त्या थांबण्यावरही लोक माना डोलवायचे.

मग साथ आली.

पहिल्यांदा सगळंच बंद झालं. पुन्हा उघडलं तेव्हा माणसं निम्म्यानं घाबरलेली आणि निम्म्यानं कंटाळलेली होती. गुरू कर्ण्यावरून बोलू लागले. हा आजार श्रद्धेच्या भिंतींच्या आत येत नाही. जे एकत्र बसून प्रार्थना म्हणतात त्यांना तो ओळखतो आणि मागं फिरतो. दवाखान्यात गेलेला परत येत नाही, तेव्हा तिथली पायरी चढू नका. सुई टोचून घेऊ नका, तिनं अंग बाटतं, आणि जो टोचून घेईल त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.

हे सांगताना गुरू स्वतः मात्र हॉलमध्ये नसत. शेजारच्या छोट्या खोलीत दार लावून एकटे बसत आणि तिथून माइकवर बोलत. एकांताचं व्रत आहे असं लोकांना सांगितलं होतं. दाराला काच होती, काचेच्या अलीकडे बोळात स्पीकरवाल्याचं टेबल. त्यामुळे गुरू फक्त त्यालाच दिसत. आणि तो रुमाल आता दोन-चार वाक्यांमागं नाही, एकेका वाक्यामागं वर जाऊ लागला होता.

सकाळी हाच स्पीकरवाला एक कर्णा हातगाडीवर बांधून नर्सबाईंबरोबर फिरायचा. सरकारी दवाखान्यातली ही बाई अंगानं काडीसारखी, आवाज चिमणीएवढा, पण नेट दांडगा. गल्लीगल्लीत थांबून सांगायची, ताप आला तर लपवू नका, दम लागला तर थांबू नका, गर्दीत बसू नका, सुई घ्या.

एकदा गाडी ढकलता ढकलता ती म्हणाली, "दादा, तुमची कमाल आहे. तुमचाच कर्णा सकाळी माझं सांगतो आणि संध्याकाळी माझ्यावर पाणी ओततो."

"कर्णा कुठं काय सांगतो बाई. तो नुसता मोठं करतो."

"तेच म्हणते मी. काय मोठं करायचं ते तुमच्याच हातात आहे की."

त्यानं गाडी पुढं रेटली. पण चाक खड्ड्यात अडकलं तेव्हा पुटपुटला, "दवाखान्यात गेलेले परत येत नाहीत, हे खरंय का?"

"काहीजण नाही येत. का, ते विचारा. ओठ निळे पडल्यावर आणतात. घरात आग लागून छप्पर कोसळल्यावर बंबाला बोलवायचं, आणि मग म्हणायचं की बंब आला की घर जळतं."

त्याच दिवशी त्यानं सुईसाठी दंड पुढं केला. आणि त्या संध्याकाळी हाक आली नाही.

त्यानं वाट पाहिली. खिडकीत दिवा होता, भांड्यांचा आवाज होता, आक्का चालत होती तिच्या सपातांचा आवाजही होता. हाक तेवढी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो न बोलावता मागच्या दारी गेला. दार उघडलं नाही. आतून आक्का म्हणाली, "टोचून आलास ना?"

"आलो. हात दुखतोय जरा. बाकी काही नाही."

"मग तिकडंच जेव. गुरूंनी सांगितलंय."

"आक्का, अगं मी आहे."

"म्हणून तर दार लावून बोलतेय. दुसरा असता तर बोललेही नसते."

हे रागानं होतं की मायेनं, ते त्याला कळेना. तो वर आला आणि ताट न घेताच झोपला.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. माडीवर भात शिजवायचा तर एक तर कच्चा, नाहीतर लगदा. चहावाल्यानं टोमणा मारला, "काय स्पीकरवाले, हल्ली तुमच्याकडचा भोंगा वाजत नाही?" ह्यावर तो हसला नाही. उन्हं उतरली की हातातलं काम तसंच टाकून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. समोर दोरीवर तिचं लुगडं वाळत असायचं. ते आत गेलं की ती घरात आहे, बरी आहे, एवढं कळायचं.

पण तिचा आवाज ऐकायची एक जागा त्याच्याकडे उरली होती. हॉलमध्ये बायका बसत तिथं छताला एक माइक टांगलेला होता, प्रार्थना म्हणताना त्यांचाही सूर बाहेर जावा म्हणून. हेडफोन कानाला लावून तो माइक एकटाच ऐकता यायचा. स्पीकरवाला प्रार्थना सुरू झाली की बाकी सगळे आवाज बंद करून तेवढाच ऐकत बसे. शंभर बायकांत आक्काचा आवाज त्याला लगेच सापडायचा. ती प्रत्येक ओळ इतरांच्या किंचित आधी सुरू करायची आणि शेवटचा सूर सगळ्यांच्या नंतर सोडायची, जणू दार बंद करून मगच निघायचं असा. तान्हा असताना ह्याच सुरावर तो झोपला होता. आता बोळात डोळे मिटून, कानांवर फोमच्या वाट्या दाबून, एका भिंतीपलीकडे बसलेल्या बहिणीला तो असा चोरून ऐकत होता.

असं चाललं असतानाच एका संध्याकाळी शेवटचा सूर आला नाही.

त्यानं आवाज वाढवला. ओळ सुरू झाली ती इतरांच्या नंतर. मध्येच तुटली. दोन ओळींच्या मधल्या जागेत, जिथं कधी काही नसायचं, तिथं एक बारीक शीळ घातल्यासारखा श्वास होता. तो ओढला जात होता, पुरा पडत नव्हता. कितीतरी बिघडलेली यंत्रं त्यानं ऐकली होती, पण हे ऐकताना त्यानं वाट्या कानांवर आणखी घट्ट दाबल्या.

प्रार्थना संपली आणि काचेपलीकडे गुरू बोलू लागले. "आपल्यातल्या कुणाला धाप लागत असेल तर भिऊ नये. उठू नये. इथंच बसावं, इथलं पाणी प्यावं. हा आजार या भिंतींना ओळखतो..."

रुमाल वर गेला. अंगठा आपोआप फिरला, आवाज खाली आला. आणि तिथंच स्पीकरवाल्याला त्याचा स्वतःचा अंगठा दिसला. पहिल्यांदाच. त्यानं तो उलटा फिरवला, पुरता, शेवटपर्यंत.

खोकला गच्चीवर गेला. चारी कर्ण्यांतून तो बाहेर पडला, मोठा, ओला, थांबता न थांबणारा. गल्लीगल्लीत जिथं कुणी दळण निवडत होतं, कुणी पोरांना ओरडत होतं, तिथं सगळ्यांचे हात थबकले. गुरूंनी काचेतून पाहिलं. स्पीकरवाल्याला वाटलं होतं की ते रागावतील. पण त्या डोळ्यांत राग नव्हता. शाळेत चोरून काही खाताना सापडलेल्या पोरासारखी ती नजर होती, आणि भ्यालेली. खोकत खोकतच त्यांनी मान खाली घातली.

टेबलावर त्याचा स्वतःचा माइक होता, आवाज तपासायचा. तो त्यानं तोंडाशी धरला आणि सवयीनं म्हणाला, "हॅलो, हॅलो, माइक चेक." माइकवर दुसरं काही बोलायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

"मी स्पीकरवाला. गुरूंना खोकला आहे. व्रत नाही, आजार आहे, म्हणून ते वेगळे बसलेत. इतके दिवस तो खोकला मी तुम्हाला ऐकू दिला नाही. आजार भिंतींना ओळखत नाही. मी सुई घेतली, हात दुखला, थोडी कणकण आली, गेली. दवाखान्यात लोक उशिरा जातात म्हणून परत येत नाहीत, लवकर जावं." इथं तो थांबला. पुढचं त्याच्या नेहमीच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात निघालं, पण कर्ण्यांनी तेही मोठं केलं. "आक्का, तुला श्वास पुरत नाहीये. मला इथं ऐकू येतंय. चल घरी."

हॉलच्या कारभाऱ्यानं येऊन वायर उपटली. हॉलमध्ये गडबड उडाली. माणसं बाहेर पडताना स्पीकरवाल्याला नाही नाही ते बोलली. एकानं तर हेडफोन उचलून आपटला. सगळ्यांत शेवटी आक्का आली, भिंतीला धरून.

"भर सभेत माझं नाव घेतलंस?"

"नाव कुठं घेतलं? आक्का म्हटलं."

"वस्तीत आक्का... एकच आहे." हे एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. पायरीवर आल्यावर ती तिथंच बसली. तोही खालच्या पायरीवर बसला, जरा लांब. तिनं विचारलं, "खरंच खोकत होते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू बंद करत होतास." तिनं पायरीला धरून एक श्वास ओढला. "मग मी ऐकत कुणाला होते रे, इतके दिवस?"

सुदैवानं नर्सबाईंनी कर्णा ऐकला होता. त्या वाहन घेऊनच आल्या आणि काही विचारत न बसता आक्काच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघितला. "मावशी, उठा. भांडण तिकडं करा, तिथं खाट आहे."

गुरूही त्याच आठवड्यात काचा लावलेल्या गाडीतून दवाखान्यात गेले आणि बरे होऊन परत आले. पुढं ते पुन्हा बोलू लागले, आवाजाला दुसरा माणूस ठेवून. आजाराविषयी त्यांनी परत अवाक्षर काढलं नाही. चुकलं असंही म्हणाले नाहीत. काही घरांनी सुई घेतली, काहींनी स्पीकरवाल्याच्या दुकानात येणं सोडलं.

आक्का घरी आली ती निम्मी होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, छाती आता पहिल्यासारखी व्हायची नाही, जिना नको, ओरडणं नको. भाऊ तिला सोडून माडीवर गेला. दार तिनं उघडं ठेवलं की वाऱ्यानं राहिलं, हे त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी तो खिडकीशी उभा राहिला. समोर दिवा लागला, ताटं मांडल्याचा आवाज आला, सपाता वाजल्या. तो थांबला. दिवस गेला, दुसरा गेला. मग दुपारी औषध द्यायला गेलेल्या नर्सबाई दुकानात डोकावल्या.

"दादा, मावशींनी निरोप दिलाय. म्हणाल्या, त्याला सांगा, मला आता हाक मारता येत नाही. आपणहून यायला काय झालं? रोज अन्न गार होतं."

तो त्या संध्याकाळी गेला. आक्का झाकलेल्या ताटाशी बसली होती.

"बहिरा झालास का?"

"हाक ऐकू आली नाही."

"मारलीच नाही, तर येणार कुठनं. बस."

तेव्हापासून तो रोज जातो. पण दिवस कलला की आधी आपल्या खिडकीत येतो, हात चौकटीवर ठेवून थोडा वेळ उभा राहतो. समोरच्या खिडकीत तीही येऊन उभी असते. तोंड किंचित उघडते, मिटते. मग तो जिना उतरायला लागतो.