स्वेटरचा वारा

तीस वर्षं मी वर्ध्याच्या शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाचा धडा आला की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "दक्षिण गोलार्धात सगळं उलटं." ते मी इतक्या वेळा म्हटलं की पुढेपुढे मी तोंड उघडायच्या आत पोरंच ओरडायची. जानेवारीत उन्हाळा, जूनमध्ये थंडी, दोन मार्कांचा हमखास प्रश्न. त्याच प्रश्नात मी स्वतः सपशेल नापास झाले, आणि तेही पोटच्या पोरीच्या बाबतीत. दोन वर्षं होतील आता, पण त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही.

लेक शेतकी कॉलेजात शिकली आणि मग ऑस्ट्रेलियात ॲडलेडला द्राक्षांचं नि वाईनचं पुढचं शिक्षण घ्यायला गेली. शिकून झाल्यावर शहराच्या पूर्वेच्या डोंगरात, ॲडलेड हिल्स म्हणतात त्या भागात, एका द्राक्षबागेत नोकरीला लागली. आता आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा. नालवाडीच्या आमच्या गल्लीत 'पोरगी वाईन करते' हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगून टाकलं, मनुक्यांच्या बागेत आहे. मनुका कशी सोज्वळ वस्तू, प्रसादालाही चालते. लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर खो खो हसली.

"आई, इथं डोंगरावर गार असते. मनुका तिकडं खाली, नदीकाठच्या गरम भागात होतात. भूगोलाची बाई ना तू?"

मग दर रविवारी तीच मला भूगोल शिकवायला लागली. समुद्राकाठी सपाटीवर शहर तापत असतं आणि तिथून अर्धा तास गाडी चढली की हवा पालटते. रात्री गार असतात, त्यामुळे अंगूर सावकाश पिकतो आणि त्यातला आंबटपणा टिकतो. शार्डोने, पिनो नुआर ही असली थंडी मागणारी वाणं तिथे लावतात. पाऊस सगळा हिवाळ्यात. उन्हाळ्यात आभाळ एकदम कोरडं, डोंगरभर गवत वाळून पिवळं पडतं आणि मधूनच ठिबकवर जगवलेल्या वेलींच्या हिरव्या रांगा दिसतात. बागेत शिरायच्या आधी बूट धुवावे लागतात, कारण वेलीची मुळं खाणारी एक कीड त्या राज्यात अजून शिरलेली नाही. मी म्हटलं, "म्हणजे आपली बोंडअळीच." तर म्हणे, "बोंडअळी एक हंगाम खाते आई, ही वेलच मारते."

बागेच्या कडेने नीलगिरीची झाडं आहेत हेही तिनेच सांगितलं होतं. मला बरं वाटलं होतं ऐकून. सर्दी झाली की वाफ घ्यायला नीलगिरीचं तेल आमच्या घरात असतंच. तेल म्हटलं की ते पेटतंही, हे मात्र डोक्यात आलं नाही.

संक्रांत दोन दिवसांवर होती. दुपारी तिचा फोन आला, तिच्याकडे रात्र झाली होती. तिथला तिचा हा पहिलाच हंगाम.

"उद्या उत्तरेचा वारा सुटणार असं सारे म्हणून राह्यले," ती म्हणाली. "मालक म्हणे, ज्याले यायचं नसन त्यानं घरी राहा. काय करू आई? जाऊ का नको?"

मी शाल गुंडाळून बसले होते. उत्तरेचा वारा म्हटलं की वर्ध्याच्या माणसाला एकच गोष्ट कळते, थंडी. नागपूरकडून हुडहुडी निघाली की दुसऱ्या दिवशी आमच्या दारात.

"थंडीले कायले घाबरते?" मी म्हटलं. "स्वेटर घालजो अन् जाजो. पहिल्याच हंगामात घरी बसली तं लोक काय म्हणतीन?"

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तीस वर्षांत एकही बिनकामाची रजा न घेतल्याचा मला केवढा अभिमान! तोच बोलला होता तिच्याशी.

सकाळी आठला मी लाडवांसाठी गॅसवर गुळाचा पाक ठेवला आणि तीळ पाखडायला मागचं दार उघडलं. वारा सपकन अंगावर आला. मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि सवयीने मनात म्हटलं, उत्तरेचा आहे. आणि तिथेच हात थांबला.

तीस वर्षं फळ्यावर काढलेला नकाशा डोळ्यांपुढे उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या खालच्या काठाला ॲडलेडचा ठिपका. त्याच्या वर, म्हणजे उत्तरेला, मी काय भरायचे? तपकिरी खडू आडवा धरून भराभर भरायचे. वाळवंट. तिच्या उत्तरेला वाळवंट होतं! तिथून सुटणारा वारा भट्टीतून आल्यासारखाच येणार. जानेवारीत, त्या वाळल्या गवतावर, त्या तेलकट झाडांवर. मालकाने घरी राहा म्हटलं होतं ते त्यासाठी, आणि मी तिला स्वेटर घालून पाठवलं होतं.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिथे दुपारचा एक वाजला होता. फोनवर 'ॲडलेड हिल्स आग' एवढं लिहायला मला तीनदा खोडावं लागलं. नकाशा उघडला आणि त्यावर लाल डाग दिसला. डागाच्या शेजारी ती जिथून ब्रेड आणते त्या गावाचं नाव होतं. मी ओट्याला धरून खाली बसले आणि फोन लावत राहिले.

पाक करपला तो शेजारणीला आधी कळला. ती आर्वीकडची, शेतातली बाई, उसनी नेलेली चाळणी परत द्यायला आली होती. धूर पाहून धावत आत आली, गॅस बंद केला आणि मला खाली बसलेली पाहून घाबरली.

"काय झालं बाई?"

"माझी पोरगी वाईनच्या बागेत आहे," मी म्हटलं. "तिथं वणवा लागला. मीच पाठवलं तिले."

मनुका कुठल्या कुठे गेल्या. ती माझ्याजवळ फरशीवर बसली. "वाईनचं तं साऱ्या गल्लीले माहीत आहे," ती म्हणाली. "ते राहू द्या. आधी सांगा, वेलीखाली गवत कितीक आहे?"

"गवत?" मी विचारलं.

"आमी उन्हाळ्यात धुरे जाळतो ना," ती म्हणाली. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. "आधी कडेनं मातीचा पट्टा मोकळा करतो, मंगच काडी लावतो. हिरव्या झाडात आग लवकर नाई शिरत. ते गवतावरून चालते. गवत नसन तं पोरगी वाचली समजा."

मी फोनमधले सगळे फोटो काढले. आम्ही दोघी बोटांनी ते मोठे करकरून बघायला लागलो. लेक हसत होती, आम्ही तिच्या पायांकडे बघत होतो. एका फोटोत रांगांमधलं गवत बारीक कापलेलं होतं. दुसऱ्यात कुंपणापलीकडे कमरेइतकं उभं होतं, वाळलेलं. एकात बुटांखाली माती दिसत होती की पिवळं गवत तेच कळेना. "माती आहे," शेजारीण म्हणायची. "गवत आहे," मी म्हणायची. दहा वाजले, अकरा वाजले. यजमान गेले त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते, कारण तेव्हा लेक माझ्या शेजारी बसलेली होती. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडातून 'स्वेटर, स्वेटर' एवढंच येत होतं.

बारा वाजून गेल्यावर फोन आला. नंबर अनोळखी.

"आई, मी बरी आहे. माझा फोन गाडीत राह्यला अन् गाडी जळाली."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारीण सांगते की मी फक्त "गवत, गवत" म्हणत होते.

वारा सुटला आणि रस्त्यावर झाड पडलं. बाहेर पडायची वाट बंद झाली. मालकाने सगळ्यांना बागेच्या मधोमध नेलं. तिथे नव्या लागवडीसाठी जमीन नांगरून उघडी ठेवली होती. ओली फडकी तोंडाला लावून ते तिथे बसून राहिले. आधी आग लांबून, पश्चिमेकडून जात होती. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग वारा फिरला आणि नैर्ऋत्येकडून समुद्रावरचा गार वारा आला.

"त्या गार वाऱ्यानंच आग आमच्याकडे वळवली, आई. तो आला की लोक खूश होत असतीन असं वाटते ना? तोच जास्त घातक असते."

आग कुंपणाच्या गवतावरून आली, कडेच्या चार-पाच रांगा भाजल्या आणि उघड्या मातीपाशी येऊन थांबली. वेली उभ्या राहिल्या. पण अंगूर नुकताच रंग धरत होता आणि धूर सालीतून आत गेला. वरून काही दिसत नाही, धुवून जात नाही, वाईन केली की राखेची चव येते. त्या वर्षी त्यांनी अंगूर तोडलाच नाही.

"तुले माहीत होतं ना, उत्तरेचा वारा गरम असते?" मी विचारलं. "मंग काऊन गेली?"

"तुले समजावून सांगितलं असतं तं तुले घोर लागला असता. अन् तू म्हटलं, लोक काय म्हणतीन." मग ती हसली. घसा बसलेला होता तरी हसली. "अन् आई, वारा फिरल्यावर खरंच थंडी वाजली. स्वेटर गाडीत होतं. तेबी जळालं."

म्हणजे तिने ते नेलं होतं. भर उन्हाळ्यात, आईने सांगितलं म्हणून.

ती अजून तिथेच आहे. परत ये म्हणून मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. "कापूस कधी बुडत नाई का? म्हणून कोणी कापूस पेरणं सोडते?" असं म्हणते. आता रोज सकाळी चहाच्या आधी मी फोनवर तिथला वारा बघते. दक्षिणेचा असला की आंघोळीला जाते.

आमच्यात त्या दिवसाचा एकच शब्द उरला आहे. तोही तिने थट्टेत काढला, उत्तरेचा वारा यायचा असला की म्हणायला, म्हणजे आग हा शब्द काढायला नको.

आज सकाळी फोन आला होता. बोलली इकडचं तिकडचं, यंदा घड चांगले लागले म्हणाली, शेजारीण कशी आहे विचारलं. फोन ठेवता ठेवता सहज म्हणाली, "आई, उद्यासाठी स्वेटर काढून ठेवते."

"कामाले नको जाऊ," मी म्हटलं. "लोकाईले काय म्हणायचं ते म्हणू दे."