बाईंचं सुतक

बाई गेल्या तेव्हा आम्ही वायरींना क्लिपा लावत होतो. कळलं ते शिफ्ट सुटल्यावर. चाकणच्या आमच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, त्यामुळे दिवसभरात जगात जे काही होतं ते आम्हाला संध्याकाळी एकदम कळतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा सासरा पडला, सगळं एकाच गठ्ठ्यात. त्या दिवशी फोन चालू केला आणि पहिलाच मेसेज तो. पहाटेच गेल्या होत्या. म्हणजे आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच कादंबरीवर हातवारे करून भांडत होतो तेव्हा त्या नव्हत्याच. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका, राग यायला दर वेळी समोर माणूसच लागतं असं काही नाही.

बाई म्हणजे आमच्या आवडत्या लेखिका. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण आम्ही त्यांना नावानं कधी ओळखलंच नाही. 'बाई काय म्हणतात आज?' एवढंच विचारायचो. त्यांच्या पुस्तकांतल्या बायका कधी गोऱ्यापान, सडपातळ नसायच्या. त्यांची पाठ दुखायची, त्यांचं दूध उतू जायचं, आणि नवऱ्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते त्यांना भांडण संपल्यावर सुचायचं. आम्ही म्हणायचो, ही आपल्या बसमधून चोरून जाते की काय!

बसचं सांगायला हवं. कंपनीची बस चाकणहून निघते आणि मोशी, भोसरी, कासारवाडी, चिंचवड करत थेरगावला डांगे चौकात येते. मी तिथली, शेवटच्या स्टॉपची. कागदावर हा तासाभराचा रस्ता आहे. कागदावर! चाकणच्या चौकात कंटेनर आडवा झाला की बसल्या जागी केस पिकतात. आठ तास उभं राहून तपासणी केलेली, पायांचे गोळे झालेले, आणि वर हा ट्रॅफिक. झोप येत नाही, बोलायला अंगात त्राण नसतं. अशाच एका संध्याकाळी मी पर्समधून बाईंचं पुस्तक काढून वाचायला घेतलं, तर शेजारची म्हणाली, "मोठ्यानं वाच की. मला चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं." मी घाटातल्या गावची. लहानपणापासून वळणांवर वाढले, मला काही होत नाही. तेव्हापासून मी वाचायची आणि बस ऐकायची.

सगळ्यात पुढं, माझ्या समोरच्या सीटवर मावशी बसायच्या. मावशी परभणीकडच्या, भोसरीत एका खोलीत राहायच्या, पॅकिंगला होत्या. त्यांना अक्षरं येतात, पण त्याच म्हणायच्या, "जुळवूस्तोवर गोष्ट म्होरं निघून जाती." बाईंचं सगळ्यात जास्त खूळ त्यांनाच. मी एखादं पान गाळलं तर त्यांना कळायचं. "ताई, मधलं काय खाल्लं?" लगेच विचारायच्या.

आमच्या बसचे ड्रायव्हर चाचा. मी वाचायला लागले की ते गाणी बंद करायचे. आपण ऐकत नाही असं दाखवायचे, पण एकदा गोष्टीतली सासू मेली तेव्हा "बरं झालं" असं त्यांच्या तोंडून गेलं आणि सगळी बस फिदीफिदी हसली.

तर बाई गेल्या त्या दिवशी आम्ही बसमध्ये चढलो. कुणी रडलं नाही. रडायला पण अंगात काहीतरी शिल्लक लागतं. बाईंची शेवटची कादंबरी तेव्हा चालू होती आणि शेवटची दोन प्रकरणं उरली होती. त्यातली नायिका तालुक्याच्या गावात खानावळ चालवायची. घरच्यांशी भांडून, पिशवी घेऊन ती एसटी स्टँडवर येऊन उभी राहिली होती. गाडी लागलेली. कंडक्टर विचारत होता, बसायचंय का? तिथं प्रकरण संपलं होतं. ती चढणार की घरी परतणार यावर बसमध्ये दोन पक्ष पडले होते. मावशींचा पक्ष ठाम. "चढंल. म्या सांगते ना, चढंल."

मी पुस्तक काढलं. वाटलं, वाचावं, हीच श्रद्धांजली. तर मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "आज न्हाई. आपल्याला सुतक आलं."

दोघी-तिघी हसल्या. स्टोअरमधली माझी मैत्रीण म्हणाली, "मावशी, सुतक भावकीला असतं."

"मंग ही कोण हाय? माझी भावकी किती वर्सं झाली, माझ्यासंगं एक शब्द बोलली न्हाई. ही रोज बोलती."

मैत्रीण बौद्ध घरातली, ती म्हणाली, "आमच्यात सुतक नसतं बाई, आमच्यात पुण्यानुमोदन असतं. पण गप्प बसायचं तर बसते मी तुमच्याबरोबर." मागून कुणीतरी विचारलं, मग केस धुवायचे का, देवाला दिवा लावायचा का? मावशी वैतागल्या. "तुमच्या घरी काय करायचं ते करा. बसमंदी तेरावा होईस्तोवर पुस्तक उघडायचं न्हाई. बस्स."

ठरलं. कुणी मतदान घेतलं नाही, पण ठरलं. चाचांनी आरशातून बघितलं आणि गाणीही लावली नाहीत.

घरी आले तर टीव्हीवर बाईंचा फोटो येऊन गेलेला. नवरा म्हणाला, "तुझी ती लेखिका गेली ना? कुकर लाव, पोरं भुकेली आहेत." वाईट माणूस नाही तो. पण मला त्या क्षणी कुकर त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. नंतर म्हणाला, "एवढं काय, तुझी कोण लागत होती?" फोनवर बघावं तर ज्यांनी आयुष्यात त्यांचं एक पान उलटलं नव्हतं ते मेणबत्त्यांचे स्टेटस ठेवून बसलेले. भांडी घासता घासता मला एकदा हुंदका आला, पण गिझर बंद करायचा राहिला होता म्हणून उठले, तेवढ्यात तो गेला.

पुढचे दिवस नुसते ओढले. बस तशीच अडकायची, मोशीच्या अलीकडं तशीच धूळ यायची, फक्त आवाज नाही. वाचन बंद झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझे गुडघे किती दुखतात. घरी आले की पुस्तक पर्समधून काढून स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवायची. मी एकटीनं वाचून टाकू शकले असते, कोण विचारणार होतं? पण नाही उघडलं. एकदा वाटलं, ही मावशी पण हट्टी, दोन प्रकरणं ऐकून मग पाळायचं होतं सुतक. मेलेलं माणूस काय घड्याळ लावून बसलंय?

तेरावा चार-पाच दिवसांवर आला असेल. शिफ्ट सुटली, गेटवर रांग लागली. मावशी माझ्यापुढं होत्या. सिक्युरिटीवाल्यानं त्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि खोक्यात टाकलं. त्यांच्या हातात पिशवी होती, तीत चपला, स्टीलचा पेला, घडी केलेला अ‍ॅप्रन. मला क्षणभर कळेनाच.

"मावशी, हे काय?"

"ब्रेक," त्या म्हणाल्या.

ठेकेदाराच्या माणसांना काही महिने झाले की ब्रेक देतात. म्हणजे काढून टाकतात. पुन्हा घेतील तर घेतील, नाही तर दुसरी कंपनी बघायची. शब्द तेवढा छान शोधलाय, जसं काही चहा प्यायला सोडलंय.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "तुम्हाला तारीख माहीत होती?"

"पैल्या दिवसापास्नं म्हाईत असती."

"म्हणजे सुतक सांगितलंत तेव्हा माहीत होतं? तेराव्याच्या आत तुम्ही बसमध्ये नसणार हे?"

"व्हय."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्यांचाच. अहो, ज्या बाईला शेवट ऐकायची सगळ्यात जास्त आस, तिनंच दार लावून घेतलं आणि वर आम्हालाही बाहेर उभं केलं. सुतक पाळायचं कबूल केलं होतं तरी पुस्तक रोज पर्समध्ये टाकायची माझी सवय सुटली नव्हती. ते काढलं. "मी वाचते. आत्ता. भोसरी येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. ट्रॅफिक आहे, सगळं होईल."

मावशींनी पुस्तकावर हात ठेवला. जड, पॅकिंगच्या पट्ट्यांनी चिरलेला हात.

"नको, ताई."

"का नको? कुणाला काय फरक पडतो?"

त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. आवाज वर नाही, खाली नाही. नवरा गेला तेव्हा त्या भोसरीत एका वर्कशॉपमध्ये होत्या. छातीत कळ आली आणि संपलाच. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, येणार असाल तर या, नाही तर दुसरी बाई उभी आहे. "म्या गेले. राख सावडून आले, आंगोळ केली आन सेकंड शिफ्टला हुभी राहिले. दहावा-तेरावा गावाकडं भावकीनं केला. रजा न्हाई मिळाली. तेव्हापास्नं भावकी बोलत न्हाई. म्हनत्यात, ही कसली बायकू, हिनं नवऱ्याचं सुतक बी पाळलं न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "खरंच हाय ते. न्हाई पाळलं. मंग वाटलं, हिचं तरी नीट पाळावं. अर्धं मोडलं तर ह्ये बी गेलं, त्ये बी गेलं."

मी पुस्तक परत पर्समध्ये ठेवलं. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. पुढं चाचांनी दोनदा नाक ओढलं. भोसरी आली. मावशी पिशवी घेऊन उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "तेरावा झाल्यावर वाचा. मंग फोनवर सांगा मला, ती चढली का न्हाई."

फोनवर सांगायचं? बाईंचा शेवट? मी रात्री त्यांना फोन लावला आणि जवळजवळ दरडावलंच, की तेराव्याला आपली बस येते त्या वेळेला भोसरीच्या स्टॉपवर उभ्या राहा. त्या म्हणाल्या, "कार्ड न्हाई माझ्याकडं. गाडीत कोण घेईल?" मी म्हटलं, ते माझ्याकडं लागलं. खरं तर माझ्याकडं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचांना घाबरत घाबरत विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, कार्ड गेटवर बघतात. भोसरीत गेट कुठं आहे?"

तेराव्याला मोशी आली तरी मी पुस्तक उघडलं नाही आणि कुणी 'उघड' असं म्हणालंही नाही. मोशीच्या बायका उतरल्याच नाहीत, बसून राहिल्या. घरी पोरं, चुली, सासवा, सगळं वाट बघत असणार, पण एकजण हलेल तर शप्पथ.

मावशी स्टॉपवर होत्या. धुतलेलं लुगडं, हातात डबा. तेराव्याला तोंड गोड करतात म्हणून लापशी केली होती. चढल्या, आपल्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी वाचा. गोड मागनं."

मी वाचायला लागले. कासारवाडी गेली, चिंचवड गेलं, कोण कुठं उतरायचं ते सगळ्या विसरल्या. डांगे चौक आला तेव्हा दोनेक पानं राहिली होती. चाचांनी बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बाहेर भाजीवाले ओरडत होते, मागचा एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, म्हणून मी आवाज चढवला. खानावळवाली गाडीत चढली नाही. घरीही गेली नाही. तिनं स्टँडासमोरच्या झाडाखाली पिशवी ठेवली, तीन दगड गोळा केले आणि चूल मांडली. एवढंच. पुढं पान कोरं होतं.

मी पुस्तक मिटलं. दोन्ही पक्ष हरले होते. मग आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुणाचा, कारण मावशींना आम्ही कधी रडताना ऐकलं नव्हतं. डबा मांडीवर घट्ट धरून त्या पुढं वाकल्या होत्या. "आवो," त्या म्हणाल्या, "आवो, आवो."

बाईंना कुणी अशी हाक मारत नाही. आम्ही सगळ्या लग्न झालेल्या बायका, कुणाला बोलावतायत ते आम्हाला समजलं. एरवी कुणी रडायला लागलं की आपण लगेच पाठीवर हात फिरवत "गप, गप, रडू नये" म्हणायला लागतो. त्या दिवशी बसमध्ये कुणी म्हणालं नाही. आम्ही त्यांना रडू दिलं.