छातीवरचा अंगारा

त्या उन्हाळ्यात माझं देवीशी बोलणं बंद होतं. पाऊस नाही, नळाला पाणी नाही, आणि चिकलठाण्यात आमच्या घरासमोर रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. धूळ ताटातल्या पोळीवरसुद्धा बसायची. ह्यांना धाप लागू लागली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, धुळीचा दमा. गल्लीत निम्म्या घरांत तोच होता. तोंडात फवारायचा दम्याचा पंप आणला, पण गुण येईना. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, म्हणाल्या, करमाडच्या पुढं टेकडीवर कुलदेवी आहे, तिच्याकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, "तिला एवढं कळतं तर आधी पाऊस पाड म्हणावं." तरी गेले. प्रश्न ह्यांच्या जिवाचा होता.

आमच्याकडे आजारी माणसाच्या छातीला पाण्यात कालवून अंगारा लिंपतात. तो आपणहून झडेपर्यंत पुसायचा नाही. पुसला तर देवी हात काढून घेते, असं मानतात. गुरवाने चांगला जाड थर दिला. पायऱ्या उतरून आम्ही गाडीपाशी आलो आणि ह्यांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. आत्या त्यांना आडवं करायला बघत होत्या आणि हे धडपडून उठून बसत होते. पंप दिला, तरी छातीतली शिट्टी थांबेना. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. जालन्याहून रिकामी परतणारी एक गाडी नेमकी जवळच होती. ती आली तेव्हा फोन अजून माझ्या हातातच होता. याला कुणी काय म्हणायचं ते म्हणावं.

गाडीतून एक तरुण डॉक्टरीण उतरली. तिने आधी ऑक्सिजन लावला. मी म्हटलं, दमा आहे. ती म्हणाली, "असेल. पण हृदय थकलं तरी अशीच शिट्टी वाजते, आणि औषध वेगळं लागतं. आत बघून सांगते." तिने मुठीत मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र काढून मोबाइलला जोडलं, जेली लावून छातीवर टेकवलं. पडद्यावर नुसतं धुरकट. "काकू, ही राख पुसावी लागेल. हिच्यामुळे काही दिसत नाही."

"हात लावून तर बघ!" आत्या ओरडल्या. "देवीचं हाय त्ये. पोरगं जाईल माझं."

"आत्या, तुमचं पोरगं आत्ताच चाललंय."

"आन् कोप झाला तर?"

"माझ्यावर होऊ द्या."

मी पदर ओला केला आणि अंगारा खरवडून पुसला. पुसताना टेकडीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "तुझं माझं नंतर बघू. आधी ह्यांना श्वास दे." कित्येक महिन्यांनी मी तिच्याशी बोलले ते हे असं.

यंत्र पुन्हा टेकलं. या वेळी पडद्यावर वरून खालपर्यंत पांढऱ्या उभ्या रेघा दिसल्या, दोन्ही बाजूंना, दाट. "हा दमा नाही," ती म्हणाली. "फुप्फुसांत पाणी साचलंय. हृदय कमी पडतंय." सगळा जिल्हा पाणी शोधत होता आणि ते माझ्या नवऱ्याच्या छातीत भरलं होतं! तिने त्यांना ताठ बसवलं, जिभेखाली औषध फवारलं, घट्ट मास्क बांधला, शिरेतून इंजेक्शन दिलं. आम्ही शहराकडे निघालो. वाटेत ओठांचा रंग पालटू लागला. इस्पितळाच्या दारात मास्क जरा सरकवून हे पहिलं वाक्य बोलले, "आपली गाडी लॉक केली का?" तेव्हा मात्र मी रडले.

ती मुलगी आणि तिचं ते यंत्र त्याच घटकेला तिथं कसं आलं, हे मी कुणाला पटवत बसत नाही. श्वास मागितला होता आणि तो मिळाला, एवढं मला माहीत आहे. देवीने माझं उद्धट बोलणं ऐकून घेतलं, त्याबद्दल तिची ऋणी आहे. पण तिचा हात त्या राखेत अडकला होता, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मला जेवढं करता येतं तेवढं मी करणार. पुढचं तिच्या ओटीत.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस तसाच रुसलेला होता, तरी आम्ही टेकडीवर गेलो. गुरव वाटी घेऊन ह्यांच्या सदऱ्याची बटणं सोडायला लागला. आत्यांनी त्याचा हात धरला.

"कपाळाला लाव रे. छातीला नगं. तिथं मशीन लावावं लागतं."

मला हसू आवरेना. हसत हसतच मी उंबऱ्यावर डोकं टेकलं.