आईला तो उलटाच आठवतो

भूतपटवेड्या मंडळींनो, जुन्या सिनेमांतला आपला हवेलीचा रखवालदार गेला. हातात कंदील घेऊन नुसता दारात उभा राहिला तरी माणसाला घाम फुटायचा.

सकाळी बातमी वाचली आणि आईला सांगावंसं वाटलं. हे वेड मला तिच्याकडूनच आलंय. तळेगाव ढमढेऱ्याच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात तिनं त्याला पाहिलेलं.

म्हटलं, आधी ओळखू दे, मग सांगू. मोबाईलवर त्याचा सीन लावला.

"ह्यो न्हाई तो," आई म्हणाली. "त्याच्या उजव्या गालावर व्रण व्हता. ह्याच्या डाव्या हाय."

दुसरा सिनेमा लावला, तिसरा लावला. ऐकेचना. "तवा मी बघितलाय का तू?"

शेवटी विचारलं, तंबूत तू बसायचीस कुठं?

"गडी पडद्याच्या म्होरं, आम्ही बाया मागं."

म्हणजे पडद्याच्या मागून आईनं त्याला कायम उलटाच पाहिला होता. मी व्हिडिओची डावी-उजवी बाजू फिरवली आणि पुन्हा दाखवला.

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. "व्हय, ह्योच की. लई भ्यायचो रं आम्ही ह्याला. म्हातारा झाला आसंल आता. बरा हाय ना?"

"बरा हाय," मी म्हणालो.

संध्याकाळच्या बातम्या ती कधी चुकवत नाही. मी आत्ता टीव्हीचा रिमोट खिशात घालून बसलोय. तुम्ही काय केलं असतं?